पळीच्या पावलांनी

२७ जुलै १९८६, रविवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस सांगायच्या, मनातलं कागदावर उतरवलं की मन स्वच्छ राहतं. माझं मन स्वच्छच आहे. पण पुसून ठेवलेलं बरं.

काल आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आम्हा दोघी सुनांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, आता माझ्यानं होईना. यंदा महालक्ष्म्या उठल्या की मुखवटे कायमचे कुणाच्या घरात ऱ्हायचे ते सांगते. आजवर मुखवटे आत्याबाईंच्या पेटीत असायचे आणि महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, एक साल आमच्याकडे बसायच्या, एक साल अंगणापलीकडे धाकट्या जावेकडे. यंदा पाळी आमची.

जाऊ दैवशाला मान खाली घालून म्हणाली, तुमी म्हणताल तसं. मीही तेच म्हटलं. मान मात्र खाली घातली नाही.

मुखवटे मला हवेत. लग्न होऊन ह्या बोरी गावात आले तेव्हा मला लुगडं नेसता येत नव्हतं आणि इथलं बोलणं कळत नव्हतं. बायका माझ्याकडे बघून पदरात हसायच्या. न हसता सरळ माझ्याकडे बघणारे चेहरे घरात दोनच होते, पितळी. त्यांना नेसवता नेसवता मी नेसायला शिकले. त्या दोघींतल्या थोरलीच्या डाव्या कानाची पाळी चेपलेली आहे, तिथे नथीचा दोरा अडकतो. हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

गेल्या साली दैवशालानं आराशीत येलदरीचं धरण केलं होतं. मातीची भिंत, सलाइनच्या नळीतून पाणी, पॉवरहाउसात टॉर्चचा बल्ब. जिंतूरहून बायका बघायला आल्या. हे येलदरीला ओव्हरसीअर होते. तिनं नुसतं विचारलं, दादा, दरवाजे कसे उघडतेत हो. तर हे आठवडाभर तिला कागदावर दरवाजे काढून देत बसले. आणि धरण झाल्यावर त्याच्यापुढे उभे राहून म्हणाले, काय डोकं लावलंय. माझ्या डोक्याबद्दल हे संसारात एकदाच बोलले आहेत. तेव्हा ते दुखत होतं.

मला हेवा वाटला नाही. सिस्टरनी सात मोठी पापं पाठ करून घेतली होती, त्यात एन्व्ही होतं. पाठांतरात मी पहिली होते.

२९ जुलै, मंगळवार. दुपार

आयडिया सापडली.

कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत जुन्या इंग्रजी मासिकांचे बांधलेले खंड होते. एकात चित्र होतं: सन दोन हजारमधलं घर. घराला लोखंडी पाय, सहा. वर तांब्याचा घुमट, गोल खिडक्या, धुराडं, आणि गच्चीत छत्री धरून बसलेली एक बाई. घर शेतातून चाललंय आणि बाई चहा पितेय. मी ते पान इतक्यांदा उघडलं की सिस्टर म्हणाल्या, झिजेल. तेव्हा वाटायचं, लग्नानंतर मी अशाच घरात राहीन आणि आठवण आली की घर घेऊनच बाबांकडे जाईन.

महालक्ष्म्या येतात त्या दिवशी आम्ही दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढतो आणि मुखवटे त्या पावलांवर टेकवत आत आणतो. आतल्या बायका विचारतात, कोण आलं? बाहेरची म्हणते, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली. इतकी वर्षं नुसतं म्हणतो. चालत कुणी येत नाही, बायकाच उचलून आणतात.

यंदा थोरली खरोखर चालत येईल. माझ्या यंत्रावर बसून.

धरण एका जागी बसतं. बसू दे.

संकल्प: कुणाला सांगायचं नाही. ह्यांना तर नाहीच. दुसऱ्याच्या धरणाचे दरवाजे काढणाऱ्या माणसाचा सल्ला मला नको.

३१ जुलै, गुरुवार

साहित्य जमलं. अंग: डालड्याचा मोठा डबा. घुमट: पितळी वाडगा, पालथा. खिडक्या: चहाच्या गाळण्या. धुराडं: बिघडलेल्या स्टोव्हचा बर्नर. पायांची हाडं: ह्यांच्या छत्रीच्या काड्या. पावलं: पळ्या. आणि चालवणारी शक्ती: बाबांच्या ग्रामोफोनची मोटर.

ग्रामोफोन उघडताना जरा थांबले. बाबा रेल्वेत होते. रविवारी संध्याकाळी चावी मी द्यायची. चावी पूर्ण बसली की हाताला जो खटका लागायचा, तो अजून हातात आहे. पण बाबाच म्हणायचे, वस्तू वापरात हवी.

रात्री वरण वाटीनं वाढलं. ह्यांनी विचारलं, पळी कुठंय. मी म्हटलं, मांजरानं नेली. हे म्हणाले, सगळ्याच? मग चार घास खाऊन म्हणाले, आपल्याकडे मांजर कधी होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

आत्याबाई काल आमच्याकडे राहायला आल्या. एक महिना आमच्याकडे, एक दैवशालाकडे, असं चालतं. आल्या आल्या देवघराशेजारचा कोनाडा दाखवून म्हणाल्या, ही अडगळ काढ, चुना मार, आन तिथं काई बी ठेवू नको.

मी डिसिप्लिनमध्ये वाढलेली बाई, आणि मला पसाऱ्यावरून टोमणा. दैवशालाच्या कोनाड्यात लोणच्याच्या बरण्या असतात, तिला कधी बोलत नाहीत.

चुना मारला. कोनाडा रिकामाच झाला होता म्हणून प्रोजेक्ट त्यात ठेवला, वर शाल टाकून. धुराडं बाहेर येतं, पण शालीत कळत नाही. आत्याबाई शालीकडे बघून काही बोलल्या नाहीत. हाही टोमणाच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पाय जोडले. दोन्ही बाजूंना तीन तीन. एका बाजूचा मधला पाय उचलतो तेव्हा दुसऱ्या बाजूचे कडेचे दोन उचलतात. हे झुरळाकडे बघून शिकले. घरात झुरळ आहे हे आत्याबाईंना सांगितलेलं नाही.

पाऊस आला. हे भिजून आले. छत्री उघडली तर नुसतं कापड वर गेलं म्हणे. मी म्हटलं, हल्ली माल चांगला येत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दैवशाला आली. अक्का, एक पळी देता का, पाव्हणे आलेत. मी तिला कप दिला. ती कपाकडे बघून म्हणाली, तुमच्या कॉन्व्हेंटात कपानं वाढतेत का. तिला टोमणा मारता येत नाही, ती खरंच विचारत होती. ते जास्त लागतं.

कप परत करताना धपाटे घेऊन आली. हे खाताना डोळे मिटून घेत होते. मी पुडिंग करते तेव्हा ह्यांचं पोट भरलेलं असतं.

आणि एक. तिच्या घरातून दोन दिवस ठोकाठोक ऐकू येते. पाळी आमची असताना तिच्याकडे कसली ठोकाठोक? विचारलं तर लाजली आणि म्हणाली, काई न्हाई अक्का, असंच. असंच कुणी ठोकत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झाल्यावर मागच्या खोलीत कडी लावून पहिली टेस्ट. यंत्र उभं राहिलं, एक पाऊल टाकलं आणि नमस्कार घातल्यासारखं आडवं झालं. ह्याला अपयश म्हणत नाहीत, ट्रायल म्हणतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

शेजारच्या चतुराबाईला दैवशालाकडे विरजण मागायला पाठवलं. माझ्याकडे विरजण होतं. चतुराबाई बातमी घेऊन आली: सुतार बसवलाय. बारकी बारकी दारं करायलाय, दोन. लय नक्षी.

दारं. दोन. म्हणजे पुन्हा धरण, यंदा लाकडी दरवाज्यांचं. पाळी नसताना अंगणात मांडणार आणि माझ्या दारातल्या बायका वळवून नेणार. कागद कुणी काढून दिला असेल ते विचारायला नको.

चतुराबाई जाताना म्हणाली, अन तुमी त्या शालीखाली काय झाकलंय, दैवशालाबाई विचारत होत्या. म्हणजे ती दोन्हीकडचं विरजण नेते.

मला हेवा वाटत नाही. राग येतो. राग वेगळं पाप आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मोटरची स्प्रिंग अडकते. जिंतूरला घड्याळजीकडे न्यायची होती. फाट्यावर दोन तास उभी राहिले, एसटी आलीच नाही. नामांतराचा मोर्चा आहे, गाड्या बंद आहेत, असं पानवाला म्हणाला. पिशवीतून स्प्रिंग निसटली आणि कुर्रकन उलगडली, तशी रांगेतली माणसं दहा पावलं मागे सरली.

प्रोजेक्ट जवळजवळ बंद करावा असं वाटलं. तेवढ्यात समोरून दैवशाला डोक्यावर वैरण घेऊन हसत आली. बंद करणार नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

स्प्रिंग आज आपोआप मोकळी चालायला लागली. रात्री अडकत होती, सकाळी लोण्यासारखी. काही माणसांच्या हाताला गुण असतो.

हे जेवायला बसले तेव्हा ह्यांच्या बोटांना शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता. हात धुऊन बसत जा म्हटलं.

३१ ऑगस्ट, रविवार

ह्यांनी आडून विचारलं, एखादी वस्तू चालवायची असली तर ती कुठून कुठं चालणार हे आधी बघावं, नाही का? मी म्हटलं, काही वस्तू धरणासारख्या नसतात, त्यांना कुणाचे दरवाजे लागत नाहीत. हे पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

आत्याबाईंचा महिना उद्या संपतो. पण महालक्ष्म्या होईपर्यंत इथंच ऱ्हाते म्हणाल्या. नजर ठेवायला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सक्सेस. पलंगाची फळी जमिनीवर टाकली, चावी दिली, खटका लागला आणि यंत्र फळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललं. टक टक टक. परवा पोळ्याला गावातले बैल मिरवले, त्यांच्यातही एवढी ऐट नव्हती. डब्यावर वजन म्हणून नारळ ठेवला होता. नारळ हलला नाही.

मी जमिनीवर बसून रडले. आनंदानं. बाबा असते तर म्हणाले असते, पुन्हा चावी दे.

थोरली आली की हे दारात उभे असतील. तेव्हा ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. तीन शब्द आहेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

तयारी पूर्ण. पुढच्या खोलीची फरशी धुऊन काढली. ही फरशी ह्यांनी गवंड्याच्या डोक्याशी उभं राहून बसवून घेतली आहे. पाणी टाकलं की आपोआप दाराबाहेर जातं, खराटा लागत नाही. अख्ख्या बोरीत अशी फरशी नाही. उंबऱ्यावरून यंत्र चढावं म्हणून आत आणि बाहेर फळी लावली. सगळ्याचा विचार केला आहे.

दैवशालाच्या अंगणात अजून धरण दिसत नाही. आयत्या वेळी काढणार.

१० सप्टेंबर, बुधवार. दिवेलागणीनंतर

जे झालं ते क्रमानं लिहिते, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

कुंकवाची पावलं मी काढली. आत आत्याबाई आणि गल्लीतल्या बायका. बाहेर मी, यंत्र आणि यंत्रावर थोरली. देवीला बांधायचं नसतं म्हणून नुसती वाडग्यावर टेकवली. दैवशाला सुपात धाकटीला घेऊन मागे तुळशीपाशी, तिची पाळी माझ्यानंतर.

चावी दिली. खटका लागला. यंत्र फळीवरून उंबरा चढून आत उतरलं तेव्हा खोली अशी गप्प झाली की गाळण्यांची खिडक्यांत होणारी किणकिण ऐकू आली. आत्याबाईंनी भानावर येऊन विचारलं, कोण आलं? मी म्हटलं, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली? मी तोंड उघडायच्या आत चतुराबाई खाली वाकली आणि म्हणाली, पळीच्या पावलांनी आली, बाई. माझी बी एक हाय का बगा त्यात, श्रावणापासून सापडंना.

बायका हसल्या. हसू देत. यंत्र चाललं होतं. अर्धी खोली. हे दारात होते. ह्यांनी तोंड उघडलं होतं. मी पाहिलं.

तेवढ्यात डाव्या बाजूची एक पळी दोन फरशांच्या सांध्यात अडकली. उजवे पाय चालतच राहिले. यंत्र जागच्या जागी फिरलं, पळी सुटली, आणि तोंड दाराकडे झालं.

तिथून जे सुरू झालं ते माझ्या प्लॅनमध्ये नव्हतं. फळीवर टक टक चालणारं यंत्र टकटकटकटक पळायला लागलं. कुंकवाची पावलं आत येत होती आणि थोरली त्यांच्यावरूनच बाहेर चालली होती. चतुराबाई पदर सावरत बाजूला झाली आणि म्हणाली, निघाली की. कुणी अडवेना. देवीला पुढून हात कोण लावणार. माझ्याच फळीवरून यंत्र उंबरा चढलं, माझ्याच फळीवरून अंगणात उतरलं आणि सरळ तुळशीकडे गेलं. तिथे पुढं वाकलं. थोरली सुटली.

दैवशालानं सूप कमरेवर घेतलं आणि पदर पसरला. थोरली तिच्या पदरात पडली. धाकटी सुपात, थोरली पदरात. तिनं पहिली गोष्ट काय केली असेल तर थोरलीचा डावा कान चाचपून पाहिला.

डावा.

आत्याबाईंनी आतूनच हात जोडले. ह्यांनी उघडलेल्या तोंडानं एकच शब्द म्हटला: उतार.

मग दैवशालानं दोघींना आत आणलं, पावलांवर टेकवत, नेहमीसारखं. सोन्याच्या पावलांनी आली असं म्हणाली. तिचा आवाज कापत होता. माझा नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल पूजा, पुरणपोळी, हळदीकुंकू. दोनशे बायका आल्या असतील. सगळ्यांनी महालक्ष्म्यांना एक नमस्कार केला आणि यंत्र कुठंय ते विचारलं. म्हणजे गर्दी मीच खेचली, हे नोंदवून ठेवते. अंगणात धरण बिरण काही नव्हतं.

आज महालक्ष्म्या उठल्या. मुखवटे पुसून आत्याबाईंनी मांडीवर घेतले. म्हणाल्या, मी सांगायची काय गरज हाय. तिनंच सांगितलं. उंबरा वलांडून, अंगण वलांडून, धाकलीच्या पदरात जाऊन बसली. कुणी ढकललं न्हाई. आपल्या पायानं गेली.

हे म्हणाले, आई, पायानं नाही, उतारानं. फरशीला ढाळ आहे. यंत्र चाललं नाही, घसरलं. घसरलं ते काही मोजायचं नसतं.

आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या. दैवशालाही. ती म्हणाली, सांगा की अक्का, घसरलंच आसंल.

एवढंच म्हणायचं होतं. घसरलं. चार अक्षरांचा शब्द होता. थोरलीचं तोंड माझ्याकडे होतं, ती नेहमीसारखी सरळ बघत होती.

मी म्हटलं, घसरलं नाही. चाललं.

 आत्याबाई हळूच म्हणाल्या, बरं तर. आणि मुखवटे दैवशालाच्या ओटीत घातले.

खरं तेच बोलले. शेवटच्या फुटापर्यंत सहाही पाय नीट उचलले जात होते, मी डोळ्यांनी पाहिलं. दैवशाला पाया पडली तेव्हा तिला आशीर्वाद दिला. हेवा अजिबात वाटला नाही. झोपताना सिस्टरची सात पापं ओळीनं म्हणून पाहिली. सहाच आठवली.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी दैवशाला आली. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर लाकडाची दोन छोटी दारं. वर मोरांची नक्षी, खाली कमळं, मधे पितळी कडी.

म्हणाली, अक्का, ही तुमची. श्रावणातच आत्याबाईंनी सुतार माझ्याकडं बसवला, तुमाला कळू नये म्हणून. तुमचा देवघराशेजारचा कोनाडा हाय ना, त्येच्या मापाची हायत. मुखवट्यायसाठी. म्या आमच्या कोनाड्याला लावून बघितली, बसंनात. मग म्हटलं, ज्याचं माप त्याला द्यावं.

मी विचारलं, श्रावणात? ती म्हणाली, हां, चुना मारायला सांगितला तवाच ठरलं होतं. थोरली सून हाय, तिच्याच घरात ऱ्हायला पायजेत म्हणल्या. मला बी तेच बरं वाटलं होतं, अक्का.

मी म्हटलं, चहा घेतेस का. ती म्हणाली, कपातच द्या. ती ह्यावेळी हसत होती. मीही हसले असेन.

जाताना दारात थांबून म्हणाली, थोरलीच्या डाव्या कानाची काळजी करू नका, दोरा अडकतो तिथं म्या मेण लावलंय. अन पुढच्या साली आरास माझ्याकडं, तवा यंत्र देताल का. दादा म्हणत होते, उतार काढून देतो.

हे ओसरीवर बसून कागदावर उतार काढतच होते. मधेच उठून आत आले, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कोनाड्याला दारं लावून दिली. अगदी बरोबर बसली. मग कोपऱ्यातलं यंत्र उचलून त्याचे पाय एकेक हलवून पाहिले, कुठला पाय कुठल्या पायाबरोबर उठतो ते. बराच वेळ. मला म्हणाले, काय डोकं लावलंय.

मी म्हटलं, स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवा.

दुपारी यंत्र कोनाड्यात ठेवून पाहिलं. धुराडं आडवं येतं, दारं लागत नाहीत. आत दोनच वस्तू शेजारी शेजारी मावतील एवढी जागा आहे, साधारण चेहऱ्याएवढ्या.

पळ्या सोडवल्या, चिंचेनं घासल्या. एक चतुराबाईची निघाली, ती परत केली. बाकीच्या कोनाड्यात ठेवल्या. दारं छान लागतात.